बाळ दिव्याखाली आहे, तरी कावीळ उतरत नाही: फोटोथेरपी पूर्ण मात्रेत कशी द्यावी

बाळ दोन दिवस निळ्या दिव्याखाली आहे आणि बिलिरुबिनचा (रक्तातल्या, कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा) आकडा मात्र हलत नाही, ही तक्रार छोट्या रुग्णालयांत वरचेवर ऐकू येते. घरचे मशीनला दोष देतात, रुग्णालय बाळाच्या काविळीला. पाळण्याजवळ जाऊन पाहिलं तर कारण अनेकदा समोरच असतं. डोक्यावर टोपडं, हातापायांत मोजे, बेंबीच्या वरपर्यंत डायपर, दिव्याच्या कव्हरवर धूळ, दिवा बाळापासून हातभर लांब आणि दर पाजणीला पाऊण तास सुट्टी.

निळा प्रकाश हे औषध आहे आणि त्याला मात्रा असते. प्रकाश कोणत्या रंगाचा, किती तीव्र, किती अंगावर आणि दिवसातले किती तास पडतो, या चार गोष्टींनी ती ठरते. चारांतली एक जरी निम्मी झाली तरी बाळाला मिळणारं औषध निम्म्यावर येतं.

काम कसं होतं तेही थोडक्यात पाहू. नवजात बाळाचं यकृत बिलिरुबिनवर प्रक्रिया करायला अजून कच्चं असतं. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा-हिरवट प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो. बदललेला रेणू यकृताच्या प्रक्रियेसाठी न थांबता पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडू शकतो. यात अतिनील किरणांचा काहीही संबंध नाही.

पुढचं लेखन सिस्टरांसाठी आहे, आशाताईंसाठी आहे आणि बाळाजवळ बसणाऱ्या आई-आजीसाठीही. दिवा लावायचा की नाही आणि कधी बंद करायचा, हे बालरोगतज्ज्ञच ठरवतील. पण तो लावल्यावर मात्रा पूर्ण पोचते की नाही, हे तिथे असलेल्या कुणालाही तपासता येतं.

१. आधी पाहा: ही कावीळ दिव्यानं उतरणारी आहे का?

पिवळेपणा दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पाहावा. निळ्या दिव्याखाली किंवा पिवळ्या बल्बच्या उजेडात पाहू नये. कपाळ, छाती, पोट, मांडी आणि तळपाय अशा क्रमानं बोटानं कातडी हलकेच दाबायची, बोट उचलायचं आणि खालचा रंग पाहायचा. कावीळ चेहऱ्याकडून पायांकडे उतरत जाते. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर आकडा बराच वर गेला आहे असं धरून चालावं. सावळ्या बाळात कातडी फसवते, म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्याही पाहाव्यात. एवढं करूनही नजरेचा अंदाज हा अंदाजच. त्यावरून रक्त तपासायचं की नाही एवढंच ठरवावं.

जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच ‘साधी’ नसते. आई आणि बाळाचे रक्तगट न जुळणं, जी-६-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता किंवा जंतुसंसर्ग यांपैकी काहीतरी मागे असू शकतं. अशा बाळाला, तसंच तळपायापर्यंत पिवळ्या झालेल्या बाळाला, अहवालाची वाट न पाहता दिव्याखाली घेतात. रक्त अर्थातच आधी काढून ठेवायचं.

दुसरा प्रकार दिव्याचा नव्हेच. शी पांढुरकी, राखाडी किंवा मातीच्या रंगाची होत असेल आणि लघवी दुपट्यावर पिवळे डाग पाडत असेल, तर पित्ताचा मार्ग अडला असण्याची शंका घ्यावी. रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन (यकृतात प्रक्रिया होऊन गेलेलं) वाढलेलं असताना दिव्यानं मूळ दुखणं बरं होत नाही. काही वेळा बाळाची कातडी तपकिरी-करडी मात्र पडते. म्हणून पहिल्याच तपासणीत एकूण आणि डायरेक्ट हे दोन्ही आकडे मागवावेत.

*सावधान:* कोवळं ऊन हा दिव्याला पर्याय नाही. उन्हात हवा तो निळा प्रकाश असतो हे खरं, पण त्याची मात्रा मोजता येत नाही. शिवाय अतिनील किरणं असतात आणि उघडं बाळ वाऱ्यानं गारठतं किंवा उन्हानं तापतं. खरं नुकसान वेगळंच होतं: ‘दोन-तीन दिवस ऊन दाखवून बघू’ म्हणत नेमका आकडा चढायचा काळ निघून जातो. पूर्ण दिवसांच्या बाळात कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसात शिखर गाठते आणि बाळंतीण बहुधा त्याआधीच घरी गेलेली असते. बाजारात मिळणारे सजावटीचे निळे बल्ब आणि कातडीच्या आजारांसाठीचे अतिनील दिवे तर बाळाच्या जवळही आणू नयेत.

२. जन्माची वेळ तासांत लिहा, मगच आकडा वाचा

‘बिलिरुबिन १४ आलंय, काळजीचं आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. १४ कितव्या तासाला आलं, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेच्या तक्त्यात ३८ आठवडे किंवा जास्त काळ पोटात राहून जन्मलेल्या बाळासाठी दिवा लावायची रेषा अशी आहे:

- २४ तास: सुमारे ११.७ मिलिग्रॅम
- ४८ तास: सुमारे १४.६ मिलिग्रॅम
- ७२ तास: सुमारे १७.५ मिलिग्रॅम
- ९६ तास आणि पुढे: सुमारे २०.५ मिलिग्रॅम

आकडे प्रति डेसिलीटर रक्तातले आहेत. तिसाव्या तासाला आलेल्या १४ ला दिवा हवा, ऐंशीव्या तासाला आलेल्या १४ ला या तक्त्याप्रमाणे नको. हे उदाहरण समजण्यापुरतं आहे, यावरून घरी निर्णय घेऊ नका. अमेरिकन बालरोग अकादमीचा २०२२ चा तक्ता वेगळा आहे आणि आपल्याकडे प्रत्येक विभागात एक ठरलेला तक्ता वापरतात. एका बाळासाठी शेवटपर्यंत एकच तक्ता ठेवावा. आज एक आणि उद्या दुसरा असं झालं की दिवा कधी लावला आणि का काढला, याचा ताळमेळ राहत नाही.

बाळ जितक्या कमी दिवसांचं, म्हणजे जितकं लवकर जन्मलेलं, तितकी ही रेषा खाली येते. ३८ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ, रक्तगट न जुळल्यानं रक्तपेशी फुटत असलेलं, जी-६-पीडी कमी असलेलं, जंतुसंसर्ग झालेलं किंवा अल्ब्युमिन (रक्तात बिलिरुबिन धरून ठेवणारं प्रथिन) कमी असलेलं बाळ असेल तर अकादमीच्या तक्त्यात रेषा आणखी खाली घेतात. ‘साडेआठ महिन्यांचं आहे, पण वजन छान आहे’ म्हणून त्याला पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रांगेत बसवू नये. ही चूक फार होते.

एकट्या आकड्यापेक्षा त्याच्या चढण्याचा वेग जास्त सांगून जातो. पहिल्या दिवसात तासाला ०.३ मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि नंतर तासाला ०.२ किंवा जास्त या वेगानं आकडा चढत असेल तर रक्तपेशी फुटत असल्याचा संशय घेतात.

रक्त काढताना दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, दिवा तेवढ्यापुरता बंद करायचा. दुसरी, नमुन्याची नळी लगेच काळ्या कागदात किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायची. प्रकाश बाळाच्या कातडीत जे करतो तेच नळीतही करतो. उजेडात ट्रेमध्ये पडून राहिलेल्या नमुन्याचा आकडा खोटाच कमी येतो आणि सगळे निश्चिंत होतात.

*परदेशातल्या नातवंडांच्या आजी-आजोबांसाठी:* ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडामधला अहवाल मायक्रोमोलमध्ये असतो. त्याला १७.१ नं भागलं की आपल्याकडचा आकडा मिळतो. व्हॉट्सॲपवर ‘२४०’ पाहून घाबरू नका. ते १४ आहे. आणि १४ बद्दल काय विचारायचं ते वर आलंच.

३. दिवा तयार करा

बाळाला आणण्याआधी पाच मिनिटं दिव्यासाठी काढावीत. सर्वांत जास्त गफलती याच पायरीवर होतात. दिवा लागला म्हणजे तो काम करतो, असं सगळे गृहीत धरतात.

*कव्हर पुसा.* दिवा बंद करून, थंड झाल्यावर, खालचं पारदर्शक कव्हर मऊ ओल्या फडक्यानं पुसावं. धुळीचा थर प्रकाश अडवतो. चरे पडून धुरकट झालेलं कव्हर बदलावं.

*नळ्या किंवा एलईडी बघा.* सीएफएल आणि ट्यूब डोळ्यांना तितक्याच निळ्या दिसतात, पण आतून मंदावत जातात. टोकं काळी पडली, लुकलुकू लागल्या, सहा महिने झाले किंवा सुमारे १२०० तास वापर झाला, यांतलं जे आधी होईल तेव्हा त्या बदलाव्यात. एक गेली म्हणून फक्त तेवढीच बदलू नये, सगळ्या एकदम बदलाव्यात. बदली नळी फोटोथेरपीसाठी बनवलेलीच हवी. निळ्या काचेची साधी ट्यूब दिसायला सारखी असली तरी हवा तो प्रकाश देत नाही. एलईडी पुष्कळ जास्त टिकतात, तरी त्यांतले काही मणी बंद पडलेत का ते पाहावं. तासमापक असेल तर त्याचा आकडा नोंदवहीत उतरवावा.

*तीव्रता मोजा.* यासाठी वेगळा मीटर असतो, विभागात त्याला फ्लक्समीटर म्हणतात. त्याचं एकक मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोमीटर. जोरकस उपचारासाठी हा आकडा ३० किंवा जास्त हवा. जुन्या साध्या दिव्यांचा ८ ते १० च्या आसपास असतो, म्हणजे एक तृतीयांश. मीटरचं तोंड बाळाच्या कातडीच्या उंचीवर धरून मधोमध, डोक्याकडे, पायांकडे आणि दोन्ही बाजूंना असं पाच ठिकाणी मोजावं. मधोमध ३५ आणि पायांपाशी १२ असा दिवा निघाला तर बाळ कुठे ठेवायचं ते त्यावरूनच ठरतं. मीटर त्या प्रकारच्या दिव्यासाठी चालणारा हवा. मोबाइलवरचं उजेड मोजणारं ॲप इथे निरुपयोगी. ते माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते मोजतं, निळा प्रकाश किती आहे ते नव्हे.

*अंतर ठेवा.* सीएफएल किंवा ट्यूब बाळापासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवतात. एलईडीसाठी यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं अंतर पाळावं. दिवा लांब नेला की तीव्रता झपाट्यानं पडते. सिस्टरना वाकायला अडचण होते म्हणून दांडा वर सरकवला जातो आणि तो पुढच्या पाळीतही तसाच राहतो. दांड्यावर योग्य उंचीला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली की हा घोळ मिटतो. हॅलोजनचा दिवा मात्र जवळ ओढू नये, कातडी भाजते.

*वीज बघा.* दिवा आणि वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र) दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर हवेत. नुसत्या ट्यूबलाइट-पंख्याला बॅकअप आणि फोटोथेरपीला नाही, अशी वायरिंग काही ठिकाणी असते. वीज जाण्याआधीच विचारून घ्यावं.

पाळण्याच्या बाजूंना पांढरी चादर किंवा पडदे लावले तर सांडणारा प्रकाश परत बाळावर येतो, आणि हे जवळजवळ फुकटात होतं. मात्र दिव्याच्या वरची हवेची भोकं झाकू नयेत, वर टॉवेल वाळत घालू नये आणि बाळाचा चेहरा सिस्टरांच्या नजरेआड होऊ देऊ नये.

*तपासा:* कव्हर स्वच्छ, पाच ठिकाणचे आकडे लिहिलेले, अंतर मोजलेलं, बॅकअप आहे. मीटर नसलेल्या ठिकाणी नातेवाइकांनी ‘सिस्टर, नळ्या शेवटच्या कधी बदलल्या?’ एवढं विचारायला हरकत नाही.

४. बाळ तयार करा

अंगावर काहीही नको. टोपडं, झबलं, हातमोजे, पायमोजे सगळं काढायचं. ‘गार पडेल’ ही आजीची भीती खोटी नाही, पण तिचा उपाय खोलीचं तापमान वाढवणं हा आहे. टोपड्यानं डोकं झाकलं की नवजात बाळाच्या कातडीचा चांगलाच मोठा भाग उपचारातून वगळला जातो.

लंगोट लहानात लहान, फक्त जननेंद्रियं झाकण्यापुरता. तयार डायपर वापरत असाल तर वरची कड खाली दुमडा. अंगाला तेल, पावडर, क्रीम लावलेलं असेल तर आधी कोमट ओल्या कापडानं पुसून घ्या. दिवा सुरू असेपर्यंत तेलमालीश नको. डोळ्यांतलं काजळही पुसून टाका. पट्टीखाली ते पसरतं आणि डोळ्यातून घाण येते आहे की काजळ उतरतंय, हे कळेनासं होतं.

डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी हवी. ती सैल असली की नाकावर उतरते आणि श्वास अडवते, घट्ट असली की पापण्या दाबते. पट्टी बांधण्याआधी डोळे मिटलेले आहेत ना ते पाहा, उघड्या बुबुळावर कापड घासता कामा नये. पाजायला घेतलं की पट्टी काढायची, डोळे पाहायचे, आईला बाळ डोळे भरून बघू द्यायचं आणि परत दिव्याखाली नेताना पुन्हा बांधायची. पट्टी ओली किंवा मळकी झाली की बदलायची.

दिवा लावण्याआधी वजन आणि काखेतलं तापमान लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर दुसऱ्या दिवशी वजन घटलंय की नाही ते कुणालाच सांगता येत नाही.

५. दिव्याखाली ठेवणं: पहिले सहा तास फुकट घालवू नका

पहिल्या काही तासांत कातडीतलं बिलिरुबिन जास्त असतं, म्हणून प्रकाशाचा परिणामही तेव्हा सर्वांत जास्त दिसतो. नेमक्या याच वेळेत पाहुणे येतात, फोटो निघतात आणि बाळ हातोहात फिरतं.

बाळ उताणं ठेवा. दर दोन तासांनी पालथं-उताणं करत राहिल्यानं आकडा लवकर उतरतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि पालथ्या बाळाच्या श्वासावर लक्ष ठेवणं अवघड जातं. खालूनही प्रकाश हवा असेल तर खालून-वरून दोन्हीकडून देणारं यंत्र किंवा पाठीखाली ठेवायचा फायबर-ऑप्टिक पॅड वापरावा. वरचा एक आणि खालचा एक असे दोन दिवे मिळाले की उघडं अंग जवळपास दुप्पट होतं. आकडा रक्तबदलाच्या (बाळाचं रक्त थोडं थोडं काढून दात्याचं भरण्याच्या) रेषेकडे सरकत असेल तर हीच व्यवस्था हवी.

एलईडीबद्दल एक खास इशारा. जुने दिवे तापायचे, बाळ तापायचं. एलईडी गरम होत नाही. त्यामुळे एसीच्या खोलीत किंवा नाशिकसारख्या ठिकाणच्या जानेवारीत उघडं बाळ बघता बघता गारठतं. गारठलेलं बाळ सुस्तावतं, दूध ओढत नाही, आणि ही सुस्ती काविळीच्या नावावर जमा होते. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहायला हवं. वजन कमी असेल तर वॉर्मर सोबत लागतो.

आता तासांचा हिशोब. बाळ दिवसातून १० वेळा पितं आणि प्रत्येक वेळी ४५ मिनिटं बाहेर राहतं असं धरलं, तर साडेसात तास गेले. ‘चोवीस तास दिव्याखाली’ असलेल्या बाळाला प्रत्यक्षात साडेसोळा तासच मिळाले. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं हे सगळं ३० मिनिटांत बसवा. पाळण्याला एक कागद अडकवून बाहेर काढल्याची आणि परत ठेवल्याची वेळ लिहा. रात्री ‘जरा झोपू दे’ म्हणून दिवा बंद करू नका, बाळ दिव्याखालीच झोपतं.

*सावधान:* निळ्या उजेडात ओठ निळे पडलेले कळत नाहीत. श्वास, रंग आणि हालचाल तपासताना दिवा क्षणभर बंद करावा.

६. दूध थांबवू नका, पाणी देऊ नका

प्रकाशानं सोडवलेल्या बिलिरुबिनचा मोठा वाटा आतड्यात उतरतो आणि शीतून बाहेर जातो. शी झाली नाही तर आतड्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. दिव्याचं निम्मं काम त्यामुळे दुधावर अवलंबून असतं.

दर दोन-तीन तासांनी, दिवसातून ८ ते १२ वेळा अंगावर पाजायचं. काविळीचं बाळ झोपाळू असतं, रडून दूध मागेल म्हणून थांबू नका. तळपाय चोळून, लंगोट बदलून उठवा. अंगावर ओढत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजा. आकडा फार वर असेल आणि डॉक्टरांनी दिव्याबाहेर काढू नका म्हटलं असेल, तर पिळलेलं दूध दिव्याखालीच पाजता येतं. त्या वेळी पट्टी काढायची नाही.

ग्लुकोजचं पाणी, साखरपाणी, मध, गुटी यांतल्या कशानंही बिलिरुबिन उतरत नाही. उलट इवलंसं पोट पाण्यानं भरतं, दूध कमी जातं, शी कमी होते आणि आकडा वर राहतो. ‘आईचं दूध बंद करा, त्यानंच कावीळ आहे’ हा सल्लाही पहिल्या आठवड्यात बहुधा उलटा पडतो. या दिवसांत दूध *कमी* पोचल्यानंच कावीळ वाढलेली असते. वरचं दूध किंवा सलाईन कधी लागतं? वजन १० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त घटलं, लघवी कमी झाली, अंग सुकलं, तर. तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि अंगावरचं दूध चालू ठेवून.

*तपासा:* चौथ्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी. दिव्याखाली शी हिरवट-पातळ होणं अपेक्षित आहे, त्यावर जुलाबाचं औषध नको. अंगावर बारीक पुरळ उठलं तर तेही बहुधा आपोआप जातं.

७. पुन्हा रक्त, डोळ्यांनी अंदाज नाही

दिवा लावल्यावर कातडी लवकर फिकी पडते, रक्तातला आकडा मागे रेंगाळतो. ‘बाळ गोरं दिसायला लागलं’ म्हणून दिवा काढणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. कपाळाला लावून कावीळ मोजणारं यंत्रही दिवा सुरू असताना आणि बंद केल्यावर २४ तास भरवशाचं नसतं.

पहिला फेरतपास दिवा लावल्यापासून १२ तासांच्या आत. आकडा रेषेच्या फार वर असेल किंवा वेगानं चढत असेल तर ४ ते ६ तासांतच. मधल्या काळात तापमान दर दोन ते चार तासांनी, वजन रोज एकदा, प्रत्येक पाजणी, लघवी आणि शीची नोंद.

किती उतरायला हवं? रक्तपेशी फुटत नसतील आणि जोरकस दिवा मिळाला असेल तर पहिल्या २४ तासांत सुरुवातीच्या आकड्याच्या ३० ते ४० टक्के घट अपेक्षित असते. साध्या दिव्यानं ६ ते २० टक्के. म्हणजे १८ चं १६ झालं तर साध्या दिव्याचा तो परिणाम आहे, जोरकस दिव्याचं ते अपयश.

८. आकडा उतरत नसेल तर याच क्रमानं शोधा

आधी मात्रा: तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर परत जा, मीटर लावा, अंतर मोजा, टोपडं-डायपर बघा, तासांचा कागद वाचा. मग दूध: वजन, लघवी, शी. ही दोन्ही ठीक असतील तरच बाळाच्या आत शोधायचं, म्हणजे दोघांचे रक्तगट, कूम्ब्ज चाचणी (बाळाच्या रक्तपेशींवर आईची प्रतिपिंडं चिकटलीत का ते पाहणारी), हिमोग्लोबिन, जी-६-पीडी, जंतुसंसर्ग, डायरेक्ट बिलिरुबिन. क्रम उलटा केला की महागड्या तपासण्या होतात आणि दिवा अर्धवटच राहतो. अपवाद पहिल्या दिवशीच्या किंवा झपाट्यानं चढणाऱ्या काविळीचा, तिथे सगळं एकदमच करावं लागतं.

आकडा चढत चढत रक्तबदलाच्या रेषेपासून २ मिलिग्रॅमवर पोचला की बाळ रक्तबदलाची सोय असलेल्या अतिदक्षता विभागात हवं. रेषा ओलांडण्याची वाट पाहायची नाही. हलवताना सोबत आई, जन्माची अचूक वेळ, दोघांचे रक्तगट, प्रत्येक आकडा तासासह आणि दिव्याचे प्रत्यक्ष तास पाठवा. सरकारी योजनेत आजारी अर्भकाला १०२ ची गाडी आणि सरकारी रुग्णालयातले उपचार मोफत असतात. वाटेत बाळ उबदार ठेवा आणि पिऊ शकत असेल तर पाजा.

*तातडीची लक्षणं:* बाळ उठवूनही उठत नाही, दूध ओढणं सोडलं, अंग लुळं पडलं किंवा उलट ताठरलं, मान-पाठ मागे धनुष्यासारखी वाकते, रडणं चिरकं झालं, झटके आले. बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचल्याच्या या खुणा आहेत. त्यात वेळ गेला तर ऐकू न येणं आणि हातापायांच्या अनियंत्रित हालचाली कायमच्या राहू शकतात.

९. दिवा बंद केल्यावर

ज्या रेषेवर दिवा लावला, तिच्या निदान २ मिलिग्रॅम खाली आकडा आल्यावर दिवा काढतात. बंद केल्यावर तो थोडा उसळतो. निदान १२ तासांनी, शक्य तर २४ तासांनी पुन्हा रक्त पाहावं. रक्तपेशी फुटण्याचं कारण असेल, बाळ कमी दिवसांचं असेल किंवा दिवा पहिल्या दोन दिवसांतच लावला असेल तर ही तपासणी टाळू नये. घरी जाताना कागदावर फेरतपासाची तारीख आणि वेळ लिहून घ्या, ‘परत पिवळं वाटलं तर या’ यावर निघू नका. आकडा रक्तबदलाच्या रेषेजवळ गेला असेल तर ऐकण्याची बेरा चाचणी कधी करायची तेही विचारून घ्या.

घरी गेल्यावर टोपडं, मालीश, अंघोळ सगळं चालतं. कपाटातून काढलेली जुनी झबली आणि दुपटी मात्र पाहा. डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे जी-६-पीडी कमी असलेल्या बाळाच्या रक्तपेशी फोडू शकतात, आणि उतरलेली कावीळ दोन दिवसांत उसळते. या गोळ्या बाळाच्या खोलीतूनही काढून टाका आणि त्यांत ठेवलेले कपडे तूर्त वापरूच नका. ज्या बाळात ही कमतरता सापडली आहे, त्याच्या घरच्यांनी टाळायच्या औषधांची यादी लिहून घ्यावी आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावी.

आशाताई रुग्णालयात झालेल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळाला खिडकीजवळ उघडं करून त्यांना दाखवा, दुपट्यात गुंडाळलेलं नव्हे. चौदाव्या दिवशीही बाळ पिवळं असेल (कमी दिवसांच्या बाळात एकविसाव्या), तर अंगावरच्या दुधाची कावीळ असू शकते आणि ती काही आठवडे टिकते. पण ते गृहीत धरण्याआधी डायरेक्ट बिलिरुबिन तपासायलाच हवं. पित्तनलिका बंद असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो ६० दिवसांच्या आत व्हावी लागते. शी पांढुरकी दिसली तर तो लंगोट धुऊ नका, तसाच पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला न्या.